'वीझू स्तोल', पण 'वीझू स्तुदेन्ता': द्वितीयेत हा भेद का?

रशियन शिकू लागलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, 'मी टेबल पाहतो' हे 'वीझू स्तोल' असे होते आणि 'स्तोल' हे नाम जसेच्या तसे राहते, मग 'मी विद्यार्थ्याला पाहतो' म्हणताना 'स्तुदेन्त'चे 'स्तुदेन्ता' हे षष्ठीचे रूप कोठून येते?

रशियनमधील व्यंजनान्त पुल्लिंगी नामांना एकवचनात द्वितीयेचे स्वतंत्र रूप नाही. नाम निर्जीव असेल तर प्रथमेचे रूप चालते आणि सजीव असेल तर षष्ठीचे घेतले जाते. प्राचीन स्लाव्ह भाषांत शब्दान्तीची व्यंजने गळाल्यामुळे प्रथमा आणि द्वितीया एकरूप झाल्या. शब्दक्रम मोकळा असल्यामुळे 'बाप' आणि 'मुलगा' एका वाक्यात आले की कोण कोणावर प्रेम करतो हे रूपावरून कळेनासे झाले, आणि ती उणीव षष्ठीने भरून काढली. टेबल सहसा कोणाकडे पाहत नाही, त्यामुळे तेथे ही गरज भासली नाही.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपणही 'टेबल पाहिले' पण 'विद्यार्थ्याला पाहिले' असेच म्हणतो; आपण चतुर्थीचा 'ला' उसना घेतला, रशियनांनी षष्ठी घेतली, एवढाच फरक. मात्र हे साम्य प्राण्यांपाशी दगा देते. 'मी मांजर पाहिले' हे मराठीत बिनदिक्कत चालते, परंतु रशियनमध्ये 'वीझू कोत' ही चूकच ठरते आणि 'वीझू कता' असेच म्हणावे लागते.

शिवाय व्याकरणातील सजीवता जीवशास्त्राला जुमानत नाही. 'पकोय्निक' म्हणजे मृत व्यक्ती, ती सजीव गणली जाते, तर 'त्रुप' म्हणजे प्रेत, ते निर्जीव. बुद्धिबळातील वजीर, म्हणजे 'फेर्झ', हाही सजीवच असतो. तो मारला की षष्ठीचे 'फेर्झ्या' हे रूप येते. (हा शब्द फारसी 'फर्झीन'वरून आलेला आहे, तेव्हा आपला वजीर आणि त्यांचा 'फेर्झ' एकाच दरबारातले.)

आकारान्त नामांना, मग ती 'क्नीगा' (पुस्तक) किंवा 'मामा' (आई) यांसारखी स्त्रीलिंगी असोत वा 'पापा'सारखी पुल्लिंगी, एकवचनात 'ऊ' हा स्वतःचा प्रत्यय आहे, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. अनेकवचनात मात्र सजीव-निर्जीव भेद तिन्ही लिंगांना लागू होतो: पुस्तके पाहिली तर प्रथमेसारखेच 'क्नीगी', परंतु विद्यार्थिनी पाहिल्या तर षष्ठीचे 'स्तुदेन्तक', आणि दुकानातल्या बाहुल्या पाहिल्या तरीही षष्ठीचेच 'कूकल', कारण रशियन व्याकरणाच्या लेखी बाहुलीतही जीव आहे.