दीडची गाडी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तासिका तत्त्वावर का होईना, आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात लागलीस, बरं वाटलं. ऑर्डर नऊ महिन्यांची आणि मानधन रखडतं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. जाहिरात निघाली की अर्ज करत राहा, एवढंच.

पण तुझ्या दुसऱ्या तक्रारीवर बोलायचंय. मागच्या बाकावरची एक मुलगी रोज सव्वाला, तास चालू असताना सॅक आवरून निघते आणि तुला तो अपमान वाटतो. अगं, तिच्या गावची गाडी कितीची आहे, हे विचारलंस का?

आपल्याकडे कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्य लावत नाहीत, एसटीचा डेपो लावतो. दुपारची गाडी चुकली की पुढची थेट संध्याकाळी. मग फाट्यावर उतरून अंधारात चालायचं. दोन-तीनदा असं झालं की घरून निकाल येतो, "बास झालं कॉलेज." मी वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल्स दुपारी ठेवायचो, कारण सकाळी मला वाचायला निवांतपणा हवा असायचा. तीन वर्षं ठेवली. त्या काळात किती मुलींनी बी.एस्सी. सोडून बी.ए.ला नाव घातलं, ते मी मोजलं नाही. पुढे मोजायचा धीर झाला नाही.

तर आधी हजेरीपटाच्या मागच्या पानावर प्रत्येकाचं गाव आणि गाडी लिहून काढ. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं कोण, जावळी-पाटणच्या डोंगरातलं कोण, कुणाचे वडील मुंबईत माथाडी आहेत. सोयाबीनच्या काढणीला आणि गावच्या यात्रेला वर्ग का ओस पडतो, ते मग कळेल. राग येणार नाही. म्हणजे येईल, पण कमी.

हे कॉलेज नक्की कुणाचं, असं तू मागे विचारलं होतंस. कागदावर संस्थेचं, अनुदानित पदांचा पगार शासनाचा. पण पारावर बसलेला माणूस 'आमचं कॉलेज' म्हणतो, त्याला कारण आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकाच पंगतीला जेवायची. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. गावोगावच्या बायाबापड्यांनी मुठीमुठीनं धान्य घातलं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका'च्या बळावर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ साली. त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून इथली पोरं हातात कुदळ-फावडं घेऊन कॉलेज शिकत होती. तुझं कॉलेज दुसऱ्या संस्थेचं आहे, तरी आपल्या भागात कॉलेज म्हटलं की लोकांच्या मनात ही मूठभर धान्याची भागीदारी असते. म्हणून तर निकाल पडला की ते आपल्याला हक्कानं शिव्या देतात.

कमवा-शिका आजही आहेच. सकाळी बागेला पाणी देऊन आलेला पोरगा तासाला पेंगला तर उठवू नकोस. नोट्स नंतर दे. त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला निघतात का, तेवढं मात्र ऑफिसात अधूनमधून विचारत जा. एक तास मोकळा असेल तेव्हा त्या ऑफिसच्या खिडकीपाशी उभी राहत जा. बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म... आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आलेली आई तिथे पदराचं टोक चाळवत उभी असते. तिला 'उद्या या' म्हणणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणं.

आता एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. कागदावर कार्यक्रम अधिकारी दुसरं कुणी असेल, पण शिबिरात सातही दिवस तूच असशील, हे मी आत्ताच सांगतो. माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही गावामागच्या उतारावर पावसाचं पाणी मुरवायला समतल चर खोदले. पोरांच्या हाताला फोड आले, पाहुण्यांची भाषणं झाली, फोटो निघाले. पावसाळ्यात जाऊन पाहिलं तर निम्मे चर बुजलेले. तो उतार मेंढरांच्या वाटेचा होता. गावात प्रत्येकाला माहीत होतं, आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळत मला विचारलं, "सर, तुमी शिकवता काय?" दुसऱ्या वर्षी शिबिराच्या आधी दोनदा गावात गेलो आणि नुसता बसलो. बायकांना हवी होती विहिरीच्या पाण्याची तपासणी. पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नव्हती. रसायनशास्त्राच्या मुलांनी बाटल्या भरून आणल्या आणि पाण्याचा कठीणपणा काढला. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मात्र त्या विहिरींचे आकडे बरेच महिने होते.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीला फोटो लागतात, ते काढ. त्यात कमीपणा नाही. फक्त गावात जाऊन बसण्याची फेरी फोटोच्या आधी होऊ दे.

डोळ्यांमुळे जास्त लिहवत नाही. घरी सगळ्यांना नमस्कार सांग. आणि त्या मुलीची गाडी दीडची आहे की पावणेदोनची, ते पुढच्या पत्रात नक्की कळव.

तुझा,
सर