ब्लेझरचा उजेड नेमका कुठून येतो?

अरे भावा, ब्लेझरचा (म्हंजे ज्या गॅलक्सीच्या मधल्या कृष्णविवराजवळून सुटलेला झोत, जेट, आपल्याकडंच रोखलेला असतो तिचा) उजेडाचा आलेख वर गेला की लगेच "जेट भडकला" म्हणू नको, मी बी सुरुवातीला हेच करायचो. तो उजेड मिसळलेला असतो बघ, कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या तबकडीचा निळसर, गॅलक्सीतल्या ताऱ्यांचा पिवळट, आणि जेटमधला सिंक्रोट्रॉन, म्हंजे चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगानं गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन जो टाकतात तो.

पोलरायझेशन, म्हंजे उजेडाच्या लाटा किती प्रमाणात एकाच दिशेत डोलतात ते, आधी बघ. तबकडीचा उजेड लई कमी पोलराइज असतो, जेटचा मात्र १०-२० टक्के सहज जातो, कधी अजून जास्त. मग रंग. बीएल लॅक हा ब्लेझर (१९२९ला सापडला तवा लोक त्याला रूपविकारी तारा समजले होते!) तेजस्वी झाला की बहुतेक वेळा निळा होतो, पण तबकडी दमदार असलेल्या क्वेसारात (लई तेजस्वी गाभ्याच्या गॅलक्सीत) उलटं, जेट भडकला की लालसर, कारण निळा वाटा आधीपासूनच तिथं बसलेला. म्हणून एकाच रंगाच्या फिल्टरवर निकाल देऊ नको.

आणि नुसतं कॉम्प्युटरवर काय बसायलास, चैतात बालाघाटच्या डोंगरावर ये, कन्या राशीतला थ्रीसी २७३ हा क्वेसार आठ इंची दुर्बिणीत दिसतो, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तेवढं अंधुक) जवळपास १३, दोनशे कोटी वर्षांहून जुना उजेड. नुसता ठिपका हाय, आधीच सांगायलो.