घरच्या भिंतीवरचे दलाल

वाचकांचे प्रश्न : घरातली चित्रं, त्यांचा कागद आणि त्यांची निगा

प्रश्न : आईच्या माहेरून आलेलं एक चित्र आमच्याकडे आहे. 'दीपावली'च्या कुठल्याशा अंकातलं पान आजोबांनी हौसेनं फ्रेम करून घेतलं होतं. आरशासमोर बसून गजरा माळणारी बाई, खाली 'दलाल' अशी सही. घराचं रंगकाम काढलं तेव्हा मुलगा म्हणाला, "मासिकातलं पान आहे, ओरिजनल थोडंच आहे? कशाला ठेवायचं?" मला ते टाकवत नाही. ते छापील आहे की हातानं काढलेलं, हे ओळखायचं कसं? आणि छापील असेल, तर जपण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अजिबात टाकू नका.

आधी ओळखायचं कसं ते सांगते. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग घ्या आणि चित्रातल्या बाईच्या गालावर धरा. पिवळे, लाल, निळे, काळे ठिपके जाळीसारखे दिसले की ते छापील. त्या काळी मूळ चित्राचा फोटो बारीक जाळीतून घेत, प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, करत आणि एकावर एक छापत. ठिपके न दिसता रंगाचा सलग थर दिसला, खालून पेन्सिलची रेघ डोकावली, कागद तिरपा धरल्यावर पांढरा रंग जाडसर लागलेला कळला, तर ते हातचं. मासिकासाठी काढलेल्या मूळ चित्राच्या समासात बऱ्याचदा ब्लॉकवाल्यासाठी मापंही लिहिलेली असतात. तुमच्याकडचं अंकातलं पान आहे असं तुम्हीच लिहिता, म्हणजे ठिपके दिसणारच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न मला फार ऐकावा लागतो. ही सही करणारे चित्रकार दीनानाथ दलाल हे गोव्यातल्या मडगावचे. जन्म १९१६चा. मुंबईला आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. चित्रकारानं स्वतः अंक काढायचा, त्याचं मुखपृष्ठ करायचं, आतली रंगीत पानं रंगवायची, कथेला रेखाटनं द्यायची, व्यंगचित्रंही काढायची! एवढा पसारा त्यांनी १९७१च्या जानेवारीत जाईपर्यंत सांभाळला. वय अवघं ५४. माझ्या वडिलांनी त्या वर्षीचा अंक आणला तेव्हा पहिलं पान उघडायच्या आधी ते बराच वेळ नुसते बसून होते.

दलालांची ही चित्रं छापून घरोघर जाण्यासाठीच जन्माला आली. ब्लॉकमध्ये कुठला रंग टिकेल, कुठला मळकट होईल, हे ठाऊक असलेला हा माणूस. त्या हिशेबानं ते रंग ठरवत, रेषा ठसठशीत ठेवत. म्हणून तुमच्या आजोबांच्या हाती आलेलं पान ही त्या चित्राची उतरलेली नक्कल नव्हे. चित्राला जिथं पोचायचं होतं तिथं ते पोचलं होतं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, पण सांगली-सोलापूरच्या किती घरांतली माणसं तिथली पायरी चढली असतील? त्यांच्यासाठी दिवाळीचा अंक हेच प्रदर्शन होतं. फराळाच्या ताटाशेजारी तो उघडायचा आणि घरातली सगळी माणसं त्यावर वाकायची.

मुलाला शेजारी बसवा आणि भिंग बाजूला ठेवून चित्र नुसतं बघा. माझ्या कामाच्या टेबलासमोर दलालांचं असंच एक पान आहे. पाठमोरी बाई, मान किंचित वळलेली. मानेपासून खांद्यावरून कोपरापर्यंत जी रेषा जाते ती एका दमात ओढलेली आहे. मानेशी बारीक, खांद्यावर भरलेली, कोपराशी पुन्हा निमुळती. मध्ये कुठं कुंचला उचललेला नाही. नऊवारीचा काठ मात्र तुटक फटकाऱ्यांनी काढलाय, तरी त्याची वीण कळते. पाठीवर सावली म्हणून एकच फिकट जांभळा पट्टा, बाकी सगळा कागदच. जे. जे.मधलं शरीररचनेचं शिक्षण आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली लय अशी एका मनगटात मुरलेली मी फार थोड्यांकडे बघितली. एवढी वर्षं कागद दुरुस्त करते आहे, पण त्या खांद्यावरून नजर हलत नाही.

तुमचं पान ज्या फ्रेममध्ये आहे ती एकदा उघडून घ्या. जुन्या फ्रेमवाल्यांनी मागं साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड घातलेलं असतं आणि काच थेट कागदाला टेकवलेली असते. पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं, काचेला सुटलेला ओलावा रंगाला लागतो. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा : मागं-पुढं आम्लमुक्त बोर्ड हवा, आणि काच व चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीची, जाडी हवी. आजोबांची चौकट चांगली असेल तर तीच वापरा. आणि चित्र काचेला चिकटलं असेल, तर ओढू नका. काचेसकट एखाद्या कागद-संवर्धकाकडे न्या.

प्रश्न : माळ्यावर वडिलांचे जुने दिवाळी अंक आहेत. पावसाळ्यानंतर काढले तर चित्रांची पानं एकमेकांना चिकटलेली, बाकीची पानं पिवळी आणि ठिसूळ. काही करता येईल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रंगीत चित्रं आर्ट पेपरवर छापत. त्याची चकाकी म्हणजे मातीचा लेप. दमट हवेत तो लेप मऊ होतो आणि दाबाखाली शेजारच्या पानाला धरतो. सुकल्यावर पानं सोडवायला गेलात तर चित्राची त्वचाच निघून येते. तेव्हा सुरी नको, इस्त्री नको, वाफ नको. जे आपसूक सुटतंय तेवढंच सोडवा.

मजकुराची पानं स्वस्त, लाकडाच्या लगद्याची. ती पिवळी पडणारच, तो रंग मागं फिरत नाही. वेग मात्र कमी करता येतो. माळा सोडा. पत्र्याखालची उष्णता आणि पावसाळी ओल ही तिथली जोडी कागदाला खाते. अंक घरात, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात आडवे ठेवा, फार उंच थप्पी रचू नका. वर्षातून दोनदा, कोरड्या हवेच्या दिवशी, पंख्याखाली नव्हे पण मोकळ्या खोलीत, पानं हलक्या हातानं उलटा. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झटका. तिला खळ आवडते, म्हणून ती पुठ्ठ्याच्या कण्याशी सापडते. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा तपकिरी डाग तेवढा मागं राहतो.

दलाल तुमच्याच भूमीतले. अंकांची नुसती यादी केलीत तरी मोठं काम होईल. कुठल्या वर्षीचा, किती चित्रं शाबूत, एवढंच एका वहीत लिहा.

प्रश्न : देवघरात रघुवीर मुळगावकरांचं दत्ताचं कॅलेंडर आहे, सासूबाईंच्या वेळचं. लॅमिनेट करून घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको, वहिनी. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिक तापवून कागदावर वितळवतात. ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद तसाच म्हातारा होत राहतो.

मुळगावकरही गोव्याचेच, दलालांहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या देवांच्या चेहऱ्यावर जी मऊ झळाळी दिसते ती स्प्रेनं मारलेल्या रंगाची. रेषा जवळजवळ विरघळलेली असते. तुमच्या देवघरातल्या दत्ताच्या गालावरची छटा कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते शोधून बघा, सापडणार नाही. म्हणूनच त्यावर काजळी बसली की चित्राचं फार नुकसान होतं. समई आणि उदबत्ती तसबिरीपासून हातभर लांब ठेवा. सकाळचं ऊन थेट पडत असेल तर भिंत बदला. उन्हानं पिवळा आणि लाल आधी उडतो, मग देव निळसर दिसू लागतात. काच ओल्या फडक्यानं पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर शिंपडू नका, कडेनं आत उतरतं.

प्रश्न : अशा चित्रांना किंमत येते का? दलालांचं मूळ चित्र म्हणून एक जण विकायला घेऊन आला आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सुट्या छापील पानाला फार पैसे मिळत नाहीत. मुखपृष्ठासकट धड अंक असेल तर संग्राहक त्याची विचारपूस करतात, म्हणून फ्रेमसाठी अंकातून पान कापायच्या आधी दोनदा विचार करा. विकायला आलेल्या चित्रावर वर सांगितलेलं भिंग धरा. ठिपके दिसले तर व्यवहार तिथंच थांबवा. ठिपके नसले तरी चित्राची मागची बाजू बघायचा आग्रह धरा, आणि विकणारा फ्रेम उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका.