प्रोजेक्टरशेजारून

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे. दोन-तीन गावांतल्या फिल्म सोसायट्यांनी एकदमच प्रायोगिक चित्रपटांचे कार्यक्रम ठेवले, त्याचा हा परिणाम. नव्या वाचकांसाठी सांगते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि आमच्या सोसायटीचा 16 मिमी रुंदीच्या फिल्मचा प्रोजेक्टर चालवायला दुसरं कुणी तयार नसल्यामुळे तो बरीच वर्षं माझ्या ताब्यात होता. सौंदर्यशास्त्र माझ्याकडे मागू नका. लेन्स, शटर आणि आवाज यांवरून मात्र मी कुणाशीही भांडेन.

बाई, आमच्याकडे ‘उसकी रोटी’ दाखवला. एक बाई नवऱ्याचा डबा घेऊन रस्त्यावर उभी राहते आणि उभीच राहते. निम्मे लोक उठून गेले. मी शेवटपर्यंत बसलो, पण कळलं काही नाही. जे माना डोलावत होते त्यांना तरी कळलं होतं का?
— एक वाचक, सातारा

माना डोलावणाऱ्यांची चौकशी कशाला करता? ‘उभी राहते आणि उभीच राहते’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तुम्ही चित्रपट नीट पाहिला आहे. मोहन राकेशांच्या कथेत तरी दुसरं काय आहे? बालो नावाची बाई, बस चालवणारा नवरा सुच्चासिंग, आणि त्याच्या रोटीला झालेला उशीर. दिग्दर्शक मणी कौल यांनी 1969-70 मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशांवर हा चित्रपट केला, तेव्हाही लोक तुमच्यासारखेच वैतागले होते.

पुन्हा संधी मिळाली तर गोष्ट विसरा आणि फक्त लेन्सवर लक्ष ठेवा. कॅमेरामन के. के. महाजनांनी यात मुख्यतः दोन लेन्स वापरल्या, 28 मिमीची (रुंद) आणि 135 मिमीची (लांब). 28च्या लेन्समध्ये पुढचं झाड, मधली बाई आणि लांबचा रस्ता सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं. 135ची लेन्स एवढ्या पातळ थरात फोकस धरते की चेहरा स्पष्ट असला तर खांदासुद्धा धूसर होतो. सुरुवातीला रुंद लेन्स म्हणजे बालोचं खरंखुरं वाट पाहणं आणि लांब लेन्स म्हणजे तिच्या मनातलं, अशी वाटणी आहे. पुढे कौल ती वाटणी हळूहळू मोडतात. कुठलं घडलं आणि कुठलं तिला वाटलं, हे प्रेक्षकाला सांगता येईनासं होतं. दिवसभर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला तरी ते कुठे सांगता येत असेल? लेन्सचा हा हिशेब ठाऊक नसला तरी डोळ्यांना तो जाणवतो. तुम्ही शेवटपर्यंत बसलात ते त्यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

उठून गेलेल्यांवर रागावू नका. सभागृहाच्या दाराच्या बिजागरीला मात्र तेल घालायला सांगा.

आमच्या तरुण सभासदांची सूचना आहे की मूकपटांच्या खेळाला मागे सतारीची किंवा तबल्याची रेकॉर्ड लावावी. लोक चुळबूळ कमी करतील. आपलं मत?
— एका सोसायटीच्या सचिव, कोल्हापूर

कुठला मूकपट, ते आधी सांगा. सगळ्यांना एक नियम लागू होत नाही.

1920च्या दशकातले कथापट थिएटरात वाद्यांच्या साथीनेच चालत. तिथे जाणत्या वादकाला बसवलंत तर माझी हरकत नाही. अमेरिकेतल्या प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेन यांचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ 1943 मध्ये बिनआवाजाचा होता, पण 1959 मध्ये त्यांनी स्वतः तेइजी इतो यांचं संगीत त्याला जोडलं. तेव्हा तो संगीतासह दाखवा, आणि तेच संगीत लावा, तुमच्या आवडीचं नको.

स्टॅन ब्रॅकेज यांचं प्रकरण वेगळं. त्यांचे बहुतेक चित्रपट मूक आहेत, कारण आवाज आला की डोळा आळशी होतो असं त्यांचं मत होतं. ‘मॉथलाइट’ (1963) घ्या. यात कॅमेराच नाही. दिव्यावर येऊन मेलेल्या पतंगांचे पंख, गवताची पाती, पाकळ्या हे सगळं फिल्म जोडायच्या पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबलं आणि त्यावरून प्रिंट काढली. चार मिनिटांच्या आत संपतो. आपला डोळा फ्रेमची चौकट शोधत राहतो, पण पंख तर चौकटीची रेघ न मानता पट्टीवर सरळ पसरलेले आहेत. म्हणून पडद्यावर ती विलक्षण फडफड होते. त्यावर तबला लावलात तर लोक ताल मोजत बसतील आणि पंख पाहायचे राहतील. चार मिनिटं चुळबूळ होऊ द्या. पंखे मात्र बंद करा. मूकपटाच्या वेळी छतावरच्या पंख्याचा आवाजच साउंडट्रॅक होऊन बसतो.

वेगाचंही जाता जाता सांगते. अँडी वॉरहॉल यांचा ‘एम्पायर’ (1964), म्हणजे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचं एकच स्थिर दृश्य, सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित झाला आणि 16च्या वेगाने दाखवायचा असं ठरलं. म्हणून तो आठ तासांच्या वर जातो. 24ने लावलात तर साडेपाच तासांत आटोपेल आणि सगळे खूश होतील, पण तो ‘एम्पायर’ नसेल. सोसायटीत हा पूर्ण दाखवायचा विचार असेल तर जेवणाचे डबे आणायला सांगा. मी पूर्ण वेळ बसणार नाही, हे आत्ताच कळवते.

सगळं तर यूट्यूबवर आहे. मग वर्गणी भरून, पावसात भिजत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला का यायचं?
— एक विद्यार्थी, पुणे

खुर्च्यांबद्दल तुमच्याशी सहमत.

बाकी असं आहे. मायकेल स्नो यांचा ‘वेव्हलेंग्थ’ (1967) तुम्ही फोनवर पाहिला असेल. 45 मिनिटं, न्यूयॉर्कमधली ऐंशी फुटी खोली, आणि कॅमेऱ्याची झूम समोरच्या भिंतीवरच्या एका फोटोकडे सरकत जाते. मधे माणसं येतात, एक जण कोसळून मरतो, झूम त्याची दखल न घेता पुढे जाते. फोनवर हे पाहताना मीही पुढे सरकवलं असतं. पण या चित्रपटात एक शुद्ध स्वर आहे. तो सेकंदाला 50 कंपनांपासून सुरू होऊन सुमारे चाळीस मिनिटांत 12,000पर्यंत चढतो. फोनच्या स्पीकरमधून 50 कंपनं ऐकूच येत नाहीत, त्या स्पीकरला तेवढा मोठा कंप पावणारा पडदाच नाही. म्हणजे तुमचा चित्रपट उशिरा सुरू होतो. चांगल्या स्पीकरवर तो स्वर आधी खुर्चीच्या पाठीत जाणवतो, मग छातीत, मग कानात, आणि शेवटी दाढांत. माझ्या वयाला वरचा टप्पा नीट ऐकू येत नाही. एकाच सभागृहात बसलेले विशीचे आणि सत्तरीचे लोक शेवटी दोन वेगवेगळे चित्रपट ऐकत असतात. खेळानंतर याची चाचणी घ्या. “आवाज कधी थांबला?” असा प्रश्न टाका. उत्तरं वयानुसार बदलतील. पदार्थविज्ञानाच्या तासाला मला इतकी चांगली मांडणी कधी मिळाली नाही.

दुसरं कारण म्हणजे एका चित्रपटाच्या शेजारी कुठला चित्रपट लागतो ते. एमोस व्होगेल व्हिएन्नाहून नाझींमुळे परागंदा झालेले गृहस्थ. माया डेरेन यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कमधलं छोटं नाट्यगृह भाड्याने घेऊन आपले चित्रपट दाखवले, ते व्होगेल यांनी पाहिलं आणि पुढच्याच वर्षी पत्नी मार्शा यांच्यासह ‘सिनेमा 16’ ही सोसायटी काढली. नाव 16 मिमीवरून. भरात असताना तिचे सात हजारांच्या आसपास सभासद होते. व्होगेल एका संध्याकाळी वैज्ञानिक माहितीपट, त्यानंतर अमूर्त चित्रपट, त्यानंतर एखादा सामाजिक विषयावरचा, असं लावत. प्राण्यांवरच्या माहितीपटानंतर अमूर्त चित्रपट पाहणारा डोळा निराळा असतो. यूट्यूब तुम्हाला आवडलं त्याच्यासारखंच पुढचं देतो, व्होगेल त्याच्या उलट करत. सभासदांपुरता खेळ असल्यामुळे न्यूयॉर्कच्या सेन्सॉरलाही वळसा घालता येई. आपल्याकडे 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन झालं, त्यामागेही परदेशी चित्रपट आणणं आणि सेन्सॉरची सूट मिळवणं ही व्यावहारिक गरज होतीच. वर्गणीची पावती म्हणूनच महत्त्वाची होती.

आमच्या घरी एकाला फेफऱ्याचा त्रास आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘द फ्लिकर’ आहे. नेऊ का?
— एक गृहिणी, सांगली

नाही. यात माझं मत बदलणार नाही.

टोनी कॉनरॅड यांच्या या चित्रपटात (1966) काळ्या आणि पांढऱ्या चौकटींखेरीज काही नाही. त्यांच्या आलटापालटीचा वेग बदलत राहतो. सेकंदाला चोवीस चौकटींच्या यंत्रावर झगमगाटाचे असे वेग साधतात की फेफऱ्याची प्रवृत्ती असलेल्याला झटका येऊ शकतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तशी सूचना येते आणि डॉक्टर हजर असावा असंही त्यात म्हटलं आहे. लोक ती गंमत समजून हसतात. ती गंमत नाही. अर्धशिशी असणाऱ्यांनीही जपून.

सोसायटीच्या लोकांना सांगते: सूचना पडद्यावर येते यावर विसंबू नका, कारण तोवर माणूस मधल्या रांगेत अडकलेला असतो. आधी निरोपात कळवा, दारावर कागद लावा, आणि तोंडीही सांगा. कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा. पेटर कुबेल्का यांचा ‘आर्नुल्फ रायनर’ (1960) सहा-सात मिनिटांचाच आहे, पण त्यातही काळ्या-पांढऱ्या चौकटीच आहेत, तेव्हा त्यालाही हेच लागू.

हे सगळं परदेशातलंच का? आपल्याकडे कुणी असलं काही केलं नाही?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

सर, तुम्ही पूर्वी थिएटरात वेळेवर जात असाल तर तुम्ही ते पाहिलंही असेल. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं, आणि त्याच सरकारी खात्यात दिग्दर्शक प्रमोद पती बसले होते. त्यांचा ‘एक्सप्लोरर’ (1968) म्हणजे ठिकऱ्या ठिकऱ्या केलेली दृश्यं आणि विजय राघव राव यांचं चमत्कारिक संगीत. ‘आबिद’मध्ये (1972) चित्रकार आबिद सुरती खोलीभर रंग फासत सुटतात, आणि एकेक चौकट थांबवून चित्रण केल्यामुळे जिवंत माणूस बाहुलीसारखा सरकतो. हे सरकारी पैशांनी झालं, हे मला अजूनही नवल वाटतं. कुठल्याही खासगी निर्मात्याने पतींना दारात उभं केलं नसतं.

मुंबईत त्याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून चित्रकार आणि चित्रपटवाल्यांसाठी एक कार्यशाळा चालवली. नलिनी मलानी तेव्हा अगदी तरुण, त्यांनी तिथेच ‘ड्रीम हाउसेस’ केला. पदमसींचा ‘सिझिजी’ रेषांचा चित्रपट आहे, आवाज नाही. त्यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकुलती एक प्रिंट हरवली. 2016 मध्ये अशीम अहलुवालिया यांनी पदमसींच्या आठवणीवरून तो पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला आणि त्याच नावाचा चित्रपट केला. एकच प्रिंट ठेवू नये, एवढं तरी त्यातून शिका.

आणि मराठीत ‘घाशीराम कोतवाल’ आहेच (1976). तेंडुलकरांचं नाटक आपण सगळ्यांनी ऐकलेलं-पाहिलेलं, पण हा चित्रपट किती जणांनी पाहिला? फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या मुलांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप हे त्यात होते. बँकेचं कर्ज काढून त्यांनी तो सामूहिकपणे केला. नाना फडणीस मोहन आगाशे, आणि ओम पुरींचा हा पहिला चित्रपट. नाटकातल्या त्या प्रसिद्ध माणसांच्या भिंतीची नक्कल त्यांनी केली नाही, कॅमेऱ्याला हालचाल करायला लावली. नाटक डोक्यात ठेवून पाहणारे चिडतात. माझ्या मते चिडणं ही चांगली सुरुवात आहे. आपल्याकडे हा चित्रपट कुणी फारसा सांभाळला नाही. बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेकडे प्रिंट राहिली, म्हणून तो पुढे डिजिटल रूपात आला. नाशिकमध्ये दाखवणार असाल तर मला कळवा, गाडीभाडं माझं मी देईन.

आमच्याकडे फिल्मचा प्रोजेक्टर नाही, कॉलेजचा डिजिटल आहे. अशा चित्रपटांचा खेळ लावताना काय पाहावं?
— सोसायटीचे एक कार्यकर्ते, रत्नागिरी

गोष्टीचा चित्रपट वाईट प्रोजेक्शन सोसून घेतो. नायक कोण, खलनायक कोण, हे वाकड्या पडद्यावरही कळतं. प्रायोगिक चित्रपटांत दाखवणं हेच निम्मं चित्र असतं, म्हणून सांभाळा.

पहिलं पाप म्हणजे ताणणं. 16 मिमीचं चित्र चारास तीन असतं. तुमचा प्रोजेक्टर ते सोळास नऊ करून बसवतो आणि सगळी माणसं जाड होतात. दोन्ही बाजूंना काळं राहू द्या. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर ‘मॉथलाइट’चे पंख साबणात बुडवल्यासारखे दिसतात. खिडक्यांना कागद लावा, ट्यूबलाइटचा स्विच एका माणसाच्या हाती द्या, आणि तो माणूस खेळ चालू असताना बाहेर चहा प्यायला जाऊ नये. भाषण आधी नको. अर्धं पान छापून वाटा, ज्याला वाचायचं तो वाचेल.

परवानगी मागा. लंडनची लक्स, पॅरिसची लाइट कोन, न्यूयॉर्कची फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह या संस्था असे चित्रपट भाड्याने देतात. सोसायटी छोटी आहे, सभासद किती, सभागृह कसं, हे खरं खरं लिहा आणि दर विचारा. भाडं जड वाटलं तर सहा चित्रपटांऐवजी दोन दाखवा, आणि ‘मॉथलाइट’सारखा छोटा असेल तर एकाच संध्याकाळी दोनदा लावा. दुसऱ्या वेळी लोक गप्प बसतात.