उन्हात बसू की लाईटला जाऊ?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला शेतकरी, वय ४६. कोपर, गुडघे, कंबर आणि पाठीवर सात-आठ वर्षांपासून सोरायसिस आहे. मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं की दबतो, सोडलं की दुप्पट उगवतो. थंडीत सदरा झटकला तर ओट्यावर कोंडा पडतो. गावातला न्हावी दाढीला टाळाटाळ करतो. मध्यंतरी एका वैदूनं बावचीचं तेल दिलं आणि लावून दुपारी उन्हात बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी कोपरावर टरारून फोड आले. आता धुळ्याचे डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून तीनदा येऊन मशीनचा लाईट घ्या. माय म्हणते, "उन्हमा बैस रे भाऊ, फुकटमा बरं व्हई जाई." मलाही वाटतं, खान्देशात ऊन काय कमी आहे? मशीनचे पैसे आणि एसटीचं भाडं कशाला? आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मुलीचं लग्न आहे. कन्यादानाला हात पुढे करायचे म्हणजे सगळ्यांना दिसणार. लाईटनं अंग काळं पडतं, कॅन्सर होतो, असंही कानावर आलंय. सकाळी बोटं जरा आखडतात, ते वयामुळे असेल. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमच्या आईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उन्हाळ्यात सोरायसिस उतरतो आणि थंडीत चढतो, हे माझ्या कितीतरी पेशंटांकडून मी ऐकलंय. उन्हात औषध आहेच. पण ते किती आहे, कधी आहे आणि त्याच्याबरोबर दुसरं काय काय अंगावर येतंय, हे उन्हात बसून कळत नाही.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो, त्याचा तुमच्या चट्ट्यांशी काही संबंध नाही. अंग तापवणारे किरण वेगळे आणि सोरायसिसवर काम करणारे वेगळे. काम करणारे किरण यूव्ही-बी या गटातले, डोळ्याला न दिसणारे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते जवळजवळ नसतात, म्हणून ओट्यावर बसून कितीही शेकलं तरी अंग गरम होण्यापलीकडे फार काही पदरात पडत नाही. ते भरपूर असतात दुपारी, सूर्य डोक्यावर आल्यावर. पण तेव्हा चट्ट्यांआधी भोवतालची चांगली कातडी भाजून निघते. भाजलेल्या, खरचटलेल्या जागीच सोरायसिस नव्यानं उठतो, हा या आजाराचा स्वभाव आहे. कापूस वेचताना पऱ्हाटीचे ओरखडे हातावर येतात ना? महिनाभरानं त्याच रेघांवर चट्टे आलेले तुम्हीही पाहिले असतील.

१९८१ साली अमेरिकेत पॅरिश नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं नेमका हाच प्रश्न धसास लावला होता : कुठल्या किरणांनी चट्टा जातो आणि कुठल्यांनी कातडी नुसती लाल होते? उत्तर असं आलं की २९० नॅनोमीटर (किरणांच्या लहरीची लांबी मोजायचं हे माप) आणि त्याखालच्या किरणांनी कातडी भाजते, पण चट्टा हलत नाही. ३०० ते ३१३ च्या पट्ट्यात मात्र तो विरतो. पुढे फक्त ३११ च्या आसपासचेच किरण देणाऱ्या ट्यूब निघाल्या. तुमचे डॉक्टर ज्याला 'नॅरोबँड' म्हणत असतील ते हेच. ठिबकमधून खत किती गेलं ते तुम्ही सांगू शकता, पाटाच्या पाण्यातून किती गेलं ते नाही. ऊन आणि मशीन यांत तेवढाच फरक आहे आणि सगळी गोम त्यातच आहे.

हे किरण करतात काय? आपली वरची कातडी साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराच्याच संरक्षक पेशी कातडीत जमून उगाच दंगा घालतात आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकायला लावतात. मग कच्च्या पेशींचे थर साचतात आणि कोंडा होऊन झडतात. यूव्ही-बी या दंगा करणाऱ्या पेशींना गप्प करतं आणि वाढीची घाई कमी करतं. बाहेरून कुठला जंतू आलेला नसतो, त्यामुळे हा आजार कुणाला लागतही नाही. न्हाव्याला हे माझ्या नावानं सांगा. वस्तऱ्याचं पातं प्रत्येकासाठी नवं घ्यावं, हेही सांगा, पण ते सोरायसिससाठी नाही.

आता बावची. बावचीत सोरालेन असतं. ते कातडीला उजेडाच्या बाबतीत भलतंच नाजूक करतं. पांढऱ्या कोडावर ती आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरतात. याच जातीचं औषध पोटात देऊन वर यूव्ही-ए या दुसऱ्या गटातले किरण मोजून द्यायचे, ही 'पुवा' पद्धत १९७४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिससाठी मांडली आणि ती चालली. म्हणजे वैदूचं द्रव्य खरं होतं, नव्हतं ते माप. सोरालेननं भाजलेलं लगेच कळत नाही, दोन-तीन दिवसांनी उमटतं. तोवर 'काहीच होत नाही' म्हणून माणूस आणखी चोपडतो. ती बाटली फेकून द्या. लाईट सुरू असताना तिचा थेंबही नको.

लाईटच्या खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती जाईल. कपाटाएवढी पेटी असते, आतून चारी बाजूंनी उभ्या ट्यूब. डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा आणि ट्यूब विझेपर्यंत काढायचा नाही. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. चेहऱ्यावर चट्टा नसेल तर चेहराही झाकतो. अंडरवेअर दर वेळी त्याच मापाची घाला. एक दिवस आखूड घातली, तर कधीच उजेड न घेतलेल्या मांडीच्या पट्टीवर पूर्ण मात्रा पडते आणि ती भाजते. जाण्याआधी अंगावर व्हॅसलिनचा जाड थर किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम नको, ते किरण अडवतात. ते घरी आल्यावर लावा.

पहिल्या दिवशी वेळ इतका थोडा असतो की लोक बाहेर येऊन विचारतात, "झालं? एवढंच?" एवढंच. पुढच्या खेपेला मी पहिला प्रश्न विचारते तो लालीचा : आली का, कधी आली, कधी गेली? यूव्ही-बीची लाली साधारण बारा ते चोवीस तासांत भरात येते. आलीच नसेल तर मात्रा थोडी वाढवते. हलकी येऊन दुसऱ्या दिवशी गेली, तर आहे तिथेच ठेवते. टिकली किंवा दुखली, तर त्या दिवशी लाईट नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं की "सगळं ठीक" म्हणून मोकळे होऊ नका.

आमचा एक पेशंट वडील वारल्यामुळे दोन आठवडे आला नाही आणि तेराव्यानंतर मुंडन केलेल्या डोक्यानं थेट पेटीत शिरायला निघाला. सिस्टरनं दारातच अडवलं. आधी डोक्याला कापड बांधायला लावलं, कारण केसांखालच्या त्या कातडीनं लाईट कधी पाहिलाच नव्हता. मग मात्रा निम्म्यावर आणायला मला हाक मारली. खाड्यांचा हिशेब साधारण असा असतो : आठवड्याच्या आत आलात तर जुनीच मात्रा, दोन आठवड्यांपर्यंत निम्मी, महिना गेला तर पहिल्यापासून. सुतक, लग्न, एसटीचा संप, काहीही असो, किती दिवस आला नाहीत ते खरं सांगा.

पेशंट बरे होत नाहीत ते बहुतेक वेळा याच खाड्यांमुळे. चार खेपा आले, फरक नाही म्हणून बसले, थंडीत पुन्हा आले. फरक दिसायलाच आठ-दहा खेपा लागतात. पूर्ण उतरायला वीस ते तीस धरा, म्हणजे आठवड्याला तीनच्या हिशेबानं दोन ते अडीच महिने. आखाजीपासून मागे मोजा. वेचणी आटोपली की जानेवारीत सुरू करा आणि पहिले दोन महिने सोमवार-बुधवार-शुक्रवार दुसऱ्या कुठल्याच कामाला देऊ नका. पैशांचं म्हणाल तर धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागात यंत्र चालू आहे का, कोणत्या वारी असतं, हे आधी विचारून घ्या. नुसतं विचारायला एक खेप घालवू नका.

अंग काळं पडतं हे खरं आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तर पडतंच, आणि लाईट थांबल्यावर काही महिन्यांत उतरतं. लग्नाच्या फोटोत बाप थोडा रापलेला दिसेल, शेतकऱ्याला त्याचं काय एवढं? कॅन्सरची भीती आली ती मुख्यतः पुवावरून. गोऱ्या लोकांत शेकड्यांनी खेपा झाल्यावर कातडीचा कॅन्सर वाढलेला दिसला. नॅरोबँडमध्ये तशी वाढ आजवर दिसलेली नाही. तरी किती खेपा झाल्या त्याची वही ठेवा. डॉक्टर बदलला तर वही बरोबर न्या.

उजेडावर चिडणारी काही औषधं असतात : बीपीच्या काही गोळ्या, डॉक्सीसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स. घरात जे काही सुरू असेल त्याची पाकिटं पिशवीत घालून दाखवायला न्या. मेडिकलवाल्याचं ते मलमही न्या. त्यात बहुधा जोरकस स्टेरॉइड असणार, ते कसं कमी करायचं हे डॉक्टरच ठरवतील. स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या मात्र कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. ती थांबली की सोरायसिस अंगभर पेटतो, कधी पूभरल्या पुळ्यांनी, आणि माणसाला ॲडमिट करावं लागतं.

आणि भाऊ, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत तेच मला सगळ्यात टोचलं. सकाळी बोटं आखडतात, ते वय नाही. सेहेचाळीस हे काय वय झालं? सोरायसिस सांध्यांतही शिरतो. आखडलेपण अर्ध्या तासाहून जास्त टिकतं का? एखादं बोट आख्खं सुजून जाडं होतं का? नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का? टाच दुखते का? यातलं काहीही असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. लाईटनं कातडी साफ होईल, पण सांध्यांपर्यंत तो पोचत नाही. त्यासाठी पोटातली औषधं वेगळी असतात आणि उशीर झाला तर बोट वाकडं होऊन बसतं. कातडीचं एक वेळ आखाजीपर्यंत थांबू शकतं, हे नाही. याच आठवड्यात जा.

लग्नानंतर पुन्हा येईल का? बहुतेक येतो. कुणाला तीन महिन्यांनी, कुणाला वर्षानं. बिडी-तंबाखू आणि दारू असेल तर लवकर.

प्रश्न : मी भुसावळची, वय २७, तिसरा महिना सुरू आहे. सोरायसिससाठी आधीपासून लाईट घेतेय. सासूबाई म्हणतात, पोटातल्या बाळाला किरण लागतील. बंद करू का?

उत्तर : बंद करायची गरज नाही. नॅरोबँडचे किरण कातडीच्या वरच्या थरातच संपतात, बाळापर्यंत पोचत नाहीत. सासूबाईंना एक्स-रे डोळ्यांसमोर येत असेल, पण हे किरण तसले नाहीत. गरोदरपणात मलमांनी भागत नसेल, तर आम्ही आधी याच लाईटचा विचार करतो. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नकोस. ती तशीही घ्यायचीच असते, पण या लाईटनं रक्तातलं फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, कमी होऊ शकतं. चेहरा झाकून घे, नाहीतर गालावरचे वांग गडद होतील. पुवा आणि मेथोट्रेक्सेट, ॲसिट्रेटिन ही सोरायसिसची औषधं, ही तिन्ही या काळात वर्ज्य. ॲसिट्रेटिन तर मुळात मूल हवं असलेल्या बाईनं घ्यायचंच नाही. यातलं काही मागच्या काळात घेतलं असशील, तर तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना आजच सांग, लपवू नकोस.

प्रश्न : पाण्याच्या फिल्टरमध्ये यूव्ही ट्यूब असते. ती काढून कोपरावरच्या चट्ट्यांवर धरली तर चालेल का? मी इलेक्ट्रिशियन आहे, जोडणी येते. — चोपडा

उत्तर : जोडणी येते म्हणूनच भीती वाटते. ती जंतू मारायची ट्यूब, २५४ नॅनोमीटरची. वर पारोळ्याच्या भाऊंना सांगितलेल्या त्या प्रयोगात हेही किरण वापरून पाहिले होते : कातडी भाजली, चट्टा जागेवरच. डोळ्यांत गेले तर त्याच रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होईल. गोगलशिवाय वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. ब्युटी पार्लरमधला नखं वाळवायचा दिवाही याच्या कामाचा नाही. थोड्या जागेसाठी हातात धरायची नॅरोबँडची छोटी यंत्रं मिळतात, ती डॉक्टरांनी मात्रा लिहून दिल्यावर घरी वापरता येतात. फिल्टर आहे तसा बसवून टाका.