एक तारखेला अडलेली गाडी

प्रश्न : ताई, मी कुंडईच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे सॅप आहे, म्हणजे खरेदी, माल, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. महिन्याच्या एक तारखेला आवक नोंदवायला बसलो की हटकून तांबडा मेसेज येतो आणि मालाची गाडी फाटकात अडते. मॅन्युअल आहे म्हणतात, पण शेअर्ड ड्राइव्हवर नऊ फोल्डर, त्यांत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांचं’. शोधून काही मिळत नाही. आयटीवाले म्हणतात, सॅपची माहिती लॉगिनशिवाय दिसतच नाही. खरं का?
— स्टोअरवाला, डिचोली

उत्तर : अर्धंच खरं. सॅपचं हेल्प पोर्टल कोणालाही उघडता येतं. लॉगिन, म्हणजे एस-युजर, लागतो तो ‘नोट्स’साठी. तिथे बिघाड आणि त्यावरच्या दुरुस्त्या असतात. ते आयटीचं काम, त्यांनाच करू द्या.

आता तो मेसेज. खाली जिथे तो दिसतो तिथे डबल क्लिक करा, पूर्ण मजकूर आणि नंबर दिसेल. एक तारीख म्हणताय त्यावरून माझी पैज एम७ ०५३ वर. म्हणजे नव्या महिन्याचा पिरियड, नोंदी करायचा काळ, सॅपमध्ये अजून उघडलेला नाही. तो एमएमपीव्ही या ट्रान्झॅक्शनने, म्हणजे सॅपमधल्या कमांडने, उघडतात, आणि गंमत बघा, त्याचं नाव आहे ‘क्लोज पिरियड’! उघडायचं काम, पाटी बंद करण्याची. तुम्ही मॅन्युअलमध्ये ‘ओपन’ शोधणार, मजकूर ‘मासअखेर’ प्रकरणात ‘क्लोज’खाली पडलेला. सापडणार कसा?

वेर्ण्याला नोकरीत असताना मी स्वतः १४० पानी मॅन्युअल लिहिलं होतं, अनुक्रमणिकेसकट. फार अभिमान होता. एकदा स्टोअरमध्ये गेले तर मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली : ‘गाडी अडली, ०५३, अकाउंट्सला फोन’. माझं मॅन्युअल कपाटावर, त्यावर चहाचा थर्मास. राग आला, पण चिठ्ठीच बरोबर होती. अडलेल्या माणसाच्या तोंडी जो शब्द, तोच तिच्या पहिल्या ओळीत होता.

तुम्हीही तेच करा. एका मेसेजला एक पान. फाइलच्या नावातच नंबर आणि तुमचे शब्द घाला : ‘एम७ ०५३ एक तारखेला आवक होत नाही’. आत आधी काय करायचं, कोणाला फोन करायचा, कारण मागाहून. आणि तळाला एका ओळीत त्या कामाची सगळी नावं लिहा. तुम्ही ‘आवक’ म्हणता, खरेदीवाले ‘जीआरएन’, सल्लागार ‘गुड्स रिसीट’, शिकाऊ पोरं नुसतं ‘मिगो’, सॅपमधल्या त्या कमांडचं नाव. आपल्या राजधानीचंच घ्या ना. मराठीत पणजी, कोकणीत पणजे, इंग्रजीत पणजिम, आणि १८४३ नंतरच्या पोर्तुगीज कागदांत नोव्हा गोवा. जुना दस्तऐवज एकाच नावाने शोधणारा हात हलवत परततो. कंप्युटरही असाच, दिलेलं अक्षर तेवढंच बघतो.

तुमच्या त्या नऊ फोल्डरांबद्दल मला एक वेगळीच शंका आहे. सह्या केलेली छापील प्रत कोणी स्कॅन करून टाकली नाही ना? मग ती पीडीएफ म्हणजे नुसते फोटो. त्यात शोध चालतच नाही, शब्द डोळ्यांसमोर असला तरी. एका पानावरचा शब्द माउसने निवडून पाहा. निवडता आला नाही तर आयटीला सांगून ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करून घ्या, किंवा मूळ वर्डची फाइल मिळवा. माझ्या मते मूळ फाइलच बरी, ओसीआर शून्य आणि ‘ओ’मध्ये घोळ घालतो, आणि तुमचा सगळा शोध नंबरांवर चालणार.

सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. गेल्या सहा महिन्यांत गाडी कशाकशाने अडली ते वहीत मांडा. पाच-सात मेसेज निघतील, त्यांची पानं आधी लिहा. प्रत्येक पानावर तारीख आणि सांभाळणाऱ्याचं पद असू द्या, नाव नको, माणसं बदलतात. जुन्या फायली पुसू नका, ‘जुने’ नावाच्या एका फोल्डरात सरकवा आणि आयटीला सांगून तो शोधातून वगळा.

‘फायनल साहेबांचं’ मात्र साहेबांना विचारल्याशिवाय हलवू नका.