खुराकाचा हिशेब पोत्यांत नको, किलोत ठेवा

प्रश्न : गोरेगावला आमचा 40 म्हशींचा तबेला आहे, 38 दुधात, 2 भाकड. सरकी पेंड, चुणी, गव्हाचा कोंडा, सगळ्याची बिलं जपून ठेवतो. तरी खुराकाचा खर्च वाढतोय आणि दूध तेवढंच, म्हशीमागे सरासरी 8 लिटर. वहीत आणखी काय लिहावं?
– एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : बिलावरून माल किती आला ते कळतं. पोटात किती गेला, ते शिल्लक मोजल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला, सकाळचा खुराक टाकण्याआधी, फोडलेल्या पोत्यांसकट सगळा माल काट्यावर घ्या. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून अखेरची शिल्लक वजा केली की खप निघतो.

समजा, 700 किलो शिल्लक होती, 7,300 आले, 470 उरले. खप 7,530. दोन भाकड म्हशींचे, रोज 2 किलोप्रमाणे, 120 वजा करा, राहिले 7,410. आता म्हशींची हजेरी : 38 म्हशी, 30 दिवस, म्हणजे 1,140. भागाकार साडेसहा किलो. शरीरपोषणाला 2 किलो आणि दर 2 लिटर दुधाला 1 किलो धरलं, तर 8 लिटरला 6 किलो पुरतात. अर्धा किलो जास्त, म्हणजे महिन्याला 570 किलो, अकरा पोत्यांच्या वर! मुंबईत ताजी व्यालेली म्हैस आणायची आणि आटली की पाठवायची, हे चालूच असतं. म्हणून आल्या-गेल्याची तारीख लिहा, नाहीतर हजेरी चुकते.

आधी डबा तपासा. पेंडीचा आणि कोंड्याचा एकच डबा असेल तर वजन सारखं भरत नाही, कोंडा खूप हलका. प्रत्येक मालाचे पाच डबे मोजून सरासरी काढा, डब्याला आतून रंगाची रेघ मारा. शीग लावून भरलेला डबा रोज गुपचूप जास्तीचं खातो. नव्या गाडीतली पाच पोती उतरवतानाच मोजा आणि तूट चालकासमोर चलनावर लिहा. पावसाळ्यात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. बुरशी आलेली पेंड फेकाच. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. फेकलेलं वजन ‘खराब’ या वेगळ्या रकान्यात लिहा.

खरी गळती मात्र सरासरीत लपते. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानुसार दर पंधरवड्याला दोन्ही वेळचं दूध मोजा. आठच्या सरासरीत एक 12 लिटरची असते, एक 5 लिटरची. दोघींना एकच माप मिळतं. पहिलीला 8 किलो लागतात, दुसरीला साडेचार. बदल आठवडाभरात हळूहळू करा. आणि पाच लिटरवाली नुकतीच व्यालेली असेल, तर खुराक कापू नका. आधी ताप घ्या, कास चाचपून दगडी (कासेची सूज) नाही ना ते बघा.